नाव विचारलं का कुणी? फासबिंडरचा १९७४ चा ‘अली’ आणि पडद्यावरचा परका माणूस

शिरीषकळी

भाचीची जर्मनची बी-वन परीक्षा जवळ आली आहे. कानावर भाषा पडावी म्हणून रविवारी दोघी मिळून एक जुना जर्मन सिनेमा लावून बसलो. दहाव्या मिनिटाला तिने पॉज केलं. "मावशी, याचं ऐकत बसले तर मी नापास होईन. हा माणूस एकही क्रियापद धड चालवत नाहीये."

खरंच चालवत नाही. सिनेमाचं नावच मुळात चुकलेलं आहे. जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरचा १९७४ चा ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’. व्याकरणाने ‘आंग्स्ट इस्ट दी झेले आउफ’ हवं, म्हणजे ‘भीती आत्मा खाऊन टाकते’. पण हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे तो म्युनिकच्या एका गॅरेजात राबणारा मोरोक्कन मजूर. त्याला जर्मन शिकवलं ते रस्त्याने आणि मुकादमाने.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पन्नास वर्षं झाली सिनेमाला, तेव्हा स्पॉयलरची ओरड नको.) एमी ही साठीतली विधवा, लोकांच्या इमारती झाडून-पुसून पोट भरते. पाऊस आला म्हणून एका बारमध्ये शिरते. तिथे सगळे अरब कामगार बसलेले. एक बाई चेष्टेने अलीला म्हणते, जा, त्या म्हातारीबरोबर नाच. तो उठतो आणि नाचतो. पुढे दोघं लग्न करतात, आणि मग शेजारीपाजारी, किराणावाला, कामावरच्या बायका, पोटची मुलं, सगळे तिच्यावर उलटतात. मुलांना बोलावून ती नवरा दाखवते तेव्हा कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकत जातो. कोणी काही बोलत नाही. मग मुलगा ब्रुनो उठतो आणि आईच्या टीव्हीत लाथ घालतो.

इथपर्यंत मला वाटत होतं, ठीक आहे, चांगल्या मनाचा सिनेमा आहे, गोरे लोक वाईट, प्रेम थोर. पण मध्यंतरानंतर (म्हणजे जिथे आपल्याकडे मध्यंतर पडलं असतं तिथे) सिनेमा कूस बदलतो. दोघं काही दिवस बाहेरगावी जाऊन येतात, आणि परत येऊन बघतात तर सगळे गोड झालेले. किराणावाल्याचं गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळतंय, त्याला एमीची उधारी-रोखी परत हवी. शेजारणीला तळघरातली तिची जागा हवी. ब्रुनोला पोर सांभाळायला आजी हवी, म्हणून टीव्हीचा चेक. कोणाचंही मन बदललेलं नाही, गरज तेवढी बदलली आहे.

आणि मग एमी स्वतः बदलते. मैत्रिणी घरी आल्यावर ती अलीचे दंड चाचपून दाखवते, अगदी गुरांच्या बाजारात दाखवतात तसं. किती मऊ कातडी आहे म्हणून त्या हात लावतात. तो उठून निघून जातो तेव्हा ती मैत्रिणींना सांगते, त्याचं असं होतं कधीकधी, परदेशी स्वभाव. त्याला घरचा कुसकुस खावासा वाटतो, तर म्हणते, जर्मनीत कुसकुस खात नाहीत.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. हल्ली ‘पडद्यावर अमक्या समाजाचं प्रतिनिधित्व किती’ म्हणून डोकी मोजतात. त्या हिशेबाने हा सिनेमा पहिल्या नंबरात पास. नायक अरब, आणि तो खराच मोरोक्कन माणूस, कुणाला रंग फासून उभं केलेलं नाही. पण पूर्ण दीड तास अली आपल्याला दिसतो तो बघितला जाणारा माणूस म्हणून. शेजारणी जिन्यातून बघतात, बारवाली बघते, न्हाणीघरातल्या आरशात एमी बघते आणि म्हणते, किती सुंदर आहेस तू अली. कॅमेराही तेच करतो. तो काय विचार करतो, गावी कोण आहे, झोपेत कुठल्या भाषेत बडबडतो? मला काही कळलं नाही. सिनेमा जर्मनांविषयी आहे आणि अली त्यांच्यासमोर धरलेला आरसा. आरशाला कुणी नाव विचारत नाही.

म्हणजे विचारतं तसं. एमी विचारते. तो भलंमोठं नाव सांगतो, एल हेदी बेन सालेम वगैरे, आणि म्हणतो, सगळे अली म्हणतात, म्हणून आता अलीच. आता ऐका: नटाचं खरं नाव एल हेदी बेन सालेम!

हे धाडस आहे की आळस, मला अजून ठरवता येत नाहीये. तुम्ही पाहिला असेल तर बोला.

घाटपायथा

धाग्याबद्दल आभार, पण ताई, हा सिनेमा १५ दिवसांत काढलाय, सप्टेंबर १९७३ मध्ये. दोन मोठ्या सिनेमांच्या मधल्या फटीत, हात मोकळा होता म्हणून. आजची फूटपट्टी घेऊन मोजायला गेलं तर ज्ञानेश्वरीतही प्रतिनिधित्व कमी निघेल. तेव्हाच्या जर्मन सिनेमात परदेशी कामगार दिसायचाच कुठे? दिसला, त्याला प्रेम मिळालं, त्याच्या बाजूने प्रेक्षक रडला. कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. अजून काय हवं होतं? गावाकडचा फ्लॅशबॅक आणि उंट?

शिरीषकळी

उंट नको हो. आईला लिहिलेलं एक पत्र चाललं असतं.

निवांत_नाना

मी हा सिनेमा ८०च्या दशकात पुण्यात एका फिल्म सोसायटीत पाहिला. पंखे बंद, खुर्च्या मोडक्या, प्रिंटवर पाऊस. एक कबुली देतो. पहिला नाच सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे खिदळलो. ती बुटकी गोल म्हातारी, फुलाफुलांचा झगा, आणि हा सहा फुटी दाढीवाला. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी घातली. दिवे लागल्यावर कळलं की बारमधले लोक जसे टक लावून बघत उभे होते अगदी तसेच आम्ही बसलो होतो. फासबिंडरने ती जागा आमच्यासाठी रिकामी ठेवली होती म्हणा ना.

तेव्हा कॅमेरा अलीकडे ‘बघतो’ हा आरोप मान्य. पण तो बघणाऱ्यांकडेही तितकाच वेळ बघतो. उघड्यावरच्या कॅफेतला प्रसंग आठवा. सगळ्या पिवळ्याधमक खुर्च्या रिकाम्या, मधोमध हे दोघं, आणि लांब दाराशी वेटर-बिटर सगळे ओळीने उभे, नुसते बघत. एमी रडते. किती वेळ तो शॉट चालतो! आपल्यालाच उठून जावंसं वाटतं.

इझारकाठची

म्युनिकहून लिहितेय, त्यामुळे थोडं लांबेल. अकरा वर्षं झाली इथे.

लग्नानंतर दोघं ज्या हॉटेलात जेवायला जातात ते ‘ओस्टेरिया इटालियाना’ शेलिंगश्ट्रासवर अजून आहे. एमी कौतुकाने सांगते की इथे हिटलर जेवायला यायचा, मला कधीपासून यायचं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दिग्दर्शक अति करतोय. मग कळलं की हिटलर खरंच त्या हॉटेलचं गिऱ्हाईक होता. आणि एमी दुष्ट नाही हो! तिचा पहिला नवरा पोलिश, त्याच्याशी लग्न केलं म्हणून घरच्यांच्या शिव्या खाल्लेल्या. तरी ‘पक्षात होतो, सगळेच होते’ हे ती हवापाण्यावर बोलावं तसं बोलून जाते. वेटर ऑर्डर घ्यायला येतो आणि दोघांनाही मेनूकार्ड वाचता येत नाही. मांस किती शिजवून हवं ते कसं सांगायचं, कळत नाही. त्या टेबलावर ती गोरी असून तिचा काही उपयोग होत नाही, कारण ती झाडूवाली आहे. शिरीषकळी, तुम्ही रंगाबद्दल लिहिलंत, पण हा सिनेमा पैशाच्या पायरीबद्दलही तितकाच आहे.

सिनेमा चित्रित झाला त्याच्या बरोबर वर्षभर आधी, सप्टेंबर १९७२ मध्ये, याच शहरात ऑलिंपिकच्या वेळी इस्रायली खेळाडूंवर पॅलेस्टिनी अतिरेक्यांचा हल्ला झाला होता. त्यानंतर पश्चिम जर्मनीतून कितीतरी अरबांना बाहेर काढलं. त्या हवेत एका अरबाला नायक करणं, आणि तेही म्युनिकमध्ये, हे आज वाटतं तितकं सोपं नव्हतं. आणि चित्रीकरणानंतर दोनच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९७३ ला, सरकारने बाहेरून कामगार आणणंच बंद केलं. १९५५ ला इटलीशी करार करून ही भरती सुरू झाली होती. मग स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, १९६३ ला मोरोक्को, पुढे पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. ‘गास्टआर्बायटर’, पाहुणा कामगार. पाहुण्याला कामाला लावणारं यजमानपण मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आता नावाचं. माझं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. पहिल्या दिवशी टीमने विचारलं, काही सोपं आहे का? मीच सांगितलं, ‘नीना’ म्हणा. अकरा वर्षं मी नीना आहे. ‘सगळे अली म्हणतात, म्हणून आता अलीच’ हे वाक्य आलं तेव्हा मी सबटायटल बघत नव्हते. बघायची गरजच पडली नाही.

घाटपायथा

इझारकाठची ताई, राग मानू नका, पण तुलना जरा ताणली गेली. तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा युरोपातला कामाचा परवाना), विमानाने, टॅक्स सल्लागार घेऊन गेलात. अली एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर झोपतो. नीना हे नाव तुम्ही निवडलंत. त्याला कुणी पर्याय दिला?

इझारकाठची

राग नाही, बरोबर आहे तुमचं. माझं नाव हरवलं त्याचा मला पगार मिळतो. माझी जागा खरं तर किराणा दुकानाच्या प्रसंगात आहे. अली मार्गारिन मागतो आणि दुकानदार न कळल्याचं सोंग घेतो, आधी जर्मन शीक म्हणतो. इथे माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका बुरख्यातल्या बाईशी एकदा असंच चाललं होतं. मला सगळं समजत होतं. मी मोबाईलमध्ये बघत उभी राहिले.

बोलाचीकढी

वरचं वाचून थोडा वेळ गप्प बसले, आता लिहिते.

मला भाषेबद्दल बोलायचंय. मोडकं बोलणारा माणूस आपल्या नाटक-सिनेमात आला की तो हसवायलाच आलेला असतो. दूधवाला भय्या, उडप्याच्या हॉटेलातला अण्णा, गुरखा. "हम तुमको बोलताय" म्हटलं की टाळी. इथे अली संबंध सिनेमाभर मोडकं बोलतो आणि कोणीही हसत नाही. उलट सगळ्यात शहाणी वाक्यं त्याच्याच तोंडी आहेत. जास्त विचार केला की जास्त रडू, असं काहीसं तो म्हणतो. जर्मन मालक, अरब कुत्रा, हेही. तीन-चार शब्दांत. बाकीचे जर्मन पूर्ण वाक्यांत खोटं बोलतात.

फक्त एक शंका. हेही एक प्रकारचं सोंगच नाही का, ‘साध्या शब्दांतला शहाणा परका’? आदिवासी म्हातारा दोन वाक्यांत आयुष्याचं सार सांगून जातो, तसलं?

अवांतर: सिनेमाचं नाव मराठीत आणायचं तर ‘भीती आत्मा खातो’ असं करावं. लिंग चुकवून. पुण्यात नवीन आलेला माणूस बोलतो तसं.

निवांत_नाना

बोलाचीकढी, नाव झकास.

रीळमास्तर

उशिरा आलो. काही तपशील घालतो, मग ज्याला जे भांडायचं ते भांडा.

१) ‘आळस की धाडस’ या प्रश्नाला इतिहास आहे. या सिनेमाचं आधी ठरलेलं नाव होतं ‘सगळ्या तुर्कांचं नाव अली’. ही गोष्ट फासबिंडरने १९७० च्या ‘अमेरिकन सोल्जर’मध्येच पेरून ठेवली होती. हॉटेलातली एक मोलकरीण (मार्गारेटं फॉन ट्रोटा, पुढे स्वतः मोठी दिग्दर्शिका झाली) पलंगाच्या कडेला बसून एमीची कहाणी सांगते. त्या कहाणीत नवरा तुर्क आहे, आणि शेवटी एमीचा गळा दाबून खून झालेला सापडतो. गळ्यावर अंगठीतल्या ‘अ’ अक्षराचा ठसा. पोलिस अलीला शोधतात, पण अली तर सगळेच! चार वर्षांनी त्याने तीच गोष्ट घेतली आणि खून काढून टाकला. माझ्या मते ‘प्रतिनिधित्वा’च्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा नाही. परक्या माणसाच्या गोष्टीचा शेवट पोलिस ठाण्यात व्हायलाच हवा असं नाही, एवढं त्याला मधल्या काळात सुचलं. आणि या सिनेमात पोलिस येतात (संगीताचा आवाज मोठा म्हणून शेजारणीने बोलावलेले), तेव्हा त्या अख्ख्या इमारतीत तेच काय ते सभ्य वागतात.

२) १९६९ च्या ‘काट्सेलमाखर’मध्ये ग्रीक कामगार योर्गोसची भूमिका फासबिंडरने स्वतः केली होती. बव्हेरियाचा माणूस ग्रीकाच्या भूमिकेत. शीर्षक ही दक्षिणेकडच्या परदेशी लोकांना घालायची बव्हेरियन शिवी. पाच वर्षांनी परका माणूस साकारायला त्याने मोरोक्कन माणूस आणला, आणि स्वतः कुठली भूमिका घेतली? एमीचा जावई ऑयगन, घरी लोळत बायकोवर खेकसणारा, सासूला मोरोक्कन आवडलाय ऐकून दात काढणारा. खुर्ची बदलून बसला गडी. हे मला सिनेमातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

३) टीव्हीची लाथ. डग्लस सर्क हा हॅम्बुर्गात जन्मलेला आणि १९३७ ला जर्मनी सोडून गेलेला दिग्दर्शक. त्याच्या १९५५ च्या हॉलिवूडपटात श्रीमंत विधवा तरुण माळ्याच्या प्रेमात पडते. मुलं ते मोडून काढतात आणि बदल्यात आईला टीव्ही भेट देतात, घे, याच्याशी बोल. फासबिंडरने १९७१ मध्ये सर्कची गाठ घेतली, त्याच्यावर लेख लिहिला, आणि मग आपल्या सिनेमात तो टीव्ही फोडला. सर्ककडे दोघंही गोरे, फरक वयाचा आणि पैशाचा. फासबिंडरने त्यात रंग घातला आणि पैसा दोघांकडूनही काढून घेतला.

४) ब्रिगिटं मिरा (एमी). वडील रशियन ज्यू पियानोवादक. आणि याच बाईने युद्धाच्या काळात नाझींच्या प्रचारपटांच्या मालिकेत काम केलं होतं. दोन बायका, एक आदर्श नागरिक, एक बेजबाबदार; त्यातली बेजबाबदार ‘मीझं’ म्हणजे मिरा. आता ‘पक्षात होतो, सगळेच होते’ हे तिच्या तोंडून पुन्हा ऐका.

५) बेन सालेम. हे लिहिताना हात जड होतो. तो आणि फासबिंडर यांचं प्रेमप्रकरण होतं. मोरोक्कोत त्याची बायको-मुलं होती, त्यातले दोन मुलगे जर्मनीत आणले गेले आणि त्या पोरांचे हाल झाले. तो पुढे फ्रान्समध्ये पकडला गेला आणि १९७७ साली तिथल्या तुरुंगातच वारला. फासबिंडरला ही बातमी बऱ्याच उशिरा कळली, स्वतःच्या मरणाच्या थोडंच आधी. व्हिओला शफीक या बाईंनी २०११ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला, त्याचं नाव ‘माझं नाव अली नाही’. शिरीषकळी, तुमचा धागा तिथे आधीच काढून झालाय बघा.

आणि ‘मग कुणी केलं असतं?’ या प्रश्नाला उत्तर आहे. सोहराब शाहिद सालेस हा इराणी दिग्दर्शक जर्मनीत येऊन राहिला. १९७५ मध्ये त्याने ‘इन डेर फ्रेम्डं’ काढला, बर्लिनमधल्या तुर्की कामगारावर. त्यात काही घडतच नाही म्हणा. यंत्र, मेट्रो, खोली. परत यंत्र, मेट्रो, खोली. पण परका माणूस तिथे कुणाच्या खिडकीतून दिसत नाही, तो आपल्या खोलीत आहे आणि आपण त्याच्या शेजारी. पुढे तेव्फिक बाशेरचा १९८६ चा ‘चाळीस चौरस मीटर जर्मनी’, आणि मग तुर्की वंशाचा फातिह अकिन, २००४ ला बर्लिन महोत्सवाचा सुवर्ण अस्वल पुरस्कार. तीस वर्षं लागली, तेव्हा अलीची मुलं कॅमेऱ्यामागे आली.

घाटपायथा

मास्तर, पाचव्या मुद्द्यानंतर पुन्हा बघायची हिंमत होईल का, शंका आहे. माणसाचं नाव घ्यायचं, त्याचं शरीर पडद्यावर मांडायचं, त्याची पोरं उचलून आणायची, आणि मग शोषणाविरुद्ध सिनेमा काढायचा.

रीळमास्तर

हो. आणि तरी सिनेमा उत्तम आहे. ही गाठ मला सुटलेली नाही, मी सोडवायचा प्रयत्नही थांबवलाय. एवढंच सांगतो की दंड चाचपण्याचा तो प्रसंग ज्याने लिहिला त्याला आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

चौकटीबाहेर

सगळे अलीबद्दल बोलताय, योलांडाबद्दल कोणीच नाही. हर्झेगोविनातून आलेली नवी सफाईवाली. पूर्वार्धात एमीला वाळीत टाकलेलं असतं तेव्हा ती जिन्यात एकटी बसून डबा खाते, कठड्याच्या गजांमधून दिसते. उत्तरार्धात अगदी त्याच जिन्यात, तशाच गजांआड योलांडा. आणि तिच्याशी न बोलणाऱ्या टोळक्यात आता एमी! पगारवाढ कशी मागायची यावर बाकीच्यांची खलबतं, आणि योलांडाला पगार कमी कारण ती परदेशी, याची कुणाला खंत नाही. ती मुलगी जवळजवळ काही बोलत नाही. मला सिनेमातली सगळ्यात भीतीदायक जागा ती वाटते. ज्याला चटका बसलाय तो दुसऱ्याला फुंकर घालेल असं आपण धरून चालतो. एमीने पोलिश नवरा केला, मोरोक्कन नवरा केला, आणि जिन्यात बसायला जागा परत मिळताच सरकून बसली.

सासू झालेल्या कुठल्याही सुनेला विचारा.

बोलाचीकढी

शेवटच्या ओळीला +१००.

शिरीषकळी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. काल भाची नसताना एकटीने परत पाहिला.

आता एक गोष्ट जास्त टोचली. गॅरेजात एमी त्याला शोधत येते, घरी ये म्हणून विनवते. बरोबरचे विचारतात, ही कोण, मोरोक्कोहून आलेली आजी? आणि अलीही त्यांच्यात हसतो. पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. काल लक्षात आलं की मला तो आतून दिसत नाही असं मी म्हणत होते, तर इथे दिसला की. पत्र नाही, फ्लॅशबॅक नाही, पण त्याला चारचौघांत बसायला मिळतंय आणि त्याची किंमत म्हणजे एक हसू, ते तो देऊन टाकतो. त्यानंतर बारमध्ये पगार पत्त्यांत घालवून आरशासमोर स्वतःच्याच थोबाडीत मारतो. म्हणजे योलांडाच्या जिन्यात तोही बसलेला आहे.

तेव्हा ‘अली म्हणजे नुसता आरसा’ हे माझं वाक्य मी अर्धं मागे घेते. अर्धं ठेवते. शेवटी तो पुन्हा तिच्याबरोबर त्याच गाण्यावर नाचता नाचता कोसळतो, पोटात अल्सर फुटलेला, आणि दवाखान्यात डॉक्टर बोलतो ते एमीशी. परदेशी कामगारांना हे फार होतं, ताण असतो, आता ऑपरेशन करू पण सहा महिन्यांनी परत येईल. अली पलंगावर डोळे मिटून. त्याच्या पोटाबद्दलही दोन जर्मनच बोलतायत.

(गाण्याचं नाव ‘काळ्या जिप्सी’ अशा अर्थाचं आहे, हे भाचीने सांगितलं. मी तोवर नुसती चाल गुणगुणत होते.)

निवांत_नाना

आमच्या सोसायटीच्या गेटवर चार वर्षं एक माणूस आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात. आधीच्यालाही बहादूर म्हणायचे. हा धागा वाचून काल विचारायला गेलो. म्हणाला, "बहादूरच म्हणा साहेब, दुसरं सांगितलं तर रजिस्टरमध्ये घोळ होतो." पुढे काय बोलायचं मला सुचलं नाही. दूध घेऊन वर आलो.

रीळमास्तर

नाना... एक राहिलंच होतं, तुमच्यामुळे आठवलं. १९८२ मध्ये फासबिंडर ३७ व्या वर्षी गेला. त्याचा शेवटचा सिनेमा ‘केरेल’. त्यात अर्पणपत्रिका आहे, एल हेदी बेन सालेम एम्बारेक मोहम्मद मुस्तफा याच्याशी असलेल्या मैत्रीला. नाव पूर्ण, एकही तुकडा न गाळता.

घाटपायथा

पाच वर्षं उशिरा.

रीळमास्तर

पाच वर्षं उशिरा.

चकलीचा_सोऱ्या

नवीन सदस्य आहे, सिनेमा पाहिलेला नाही, आता बघणार. एक बाळबोध प्रश्न: कुसकुस म्हणजे आपला सांजाच ना?

इझारकाठची

दिसायला तसाच, रवाच असतो, पण फोडणीत परतत नाहीत. वाफेवर शिजवतात, खाली रश्श्याचं भांडं आणि वर चाळणीत कुसकुस. मग हाताने मोकळा करायचा. आमच्याकडे मोरोक्कन शेजारीण शुक्रवारी पाठवते. सिनेमात अलीला तो शेवटी बारवालीकडे जाऊन खावा लागतो आणि सगळा घोळ तिथूनच होतो. एमीने एक दिवस चाळणी आणली असती तर सिनेमा वीस मिनिटं आधी संपला असता.

चकलीचा_सोऱ्या

ताई, पाककृतीचा वेगळा धागा काढा. इडलीपात्रात जमेल का?

इझारकाठची

जमेल. भोकांवर पातळ फडकं घाला, नाहीतर सगळा खाली जाईल.